दागिन्यांची मोड व पुनर्घडण

घरातला जुना दागिना आटवून, किंवा न आटवता त्याचे मणी, मोती, खडे सुटे करून, त्यातून नवा दागिना करून घेण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. पुण्यात हा व्यवहार प्रामुख्याने लक्ष्मी रस्ता, सोन्या मारुती चौक आणि रविवार पेठ या भागांतील सराफी पेढ्यांवर चालतो. नमुना, वजन आणि मजुरी पेढीवर ठरते. प्रत्यक्ष काम मात्र बहुधा पेठेतल्या लहान कारखान्यांत होते आणि तेथे मराठी सोनारांबरोबर बंगाली कारागीरही मोठ्या संख्येने आहेत. लग्नकार्य, वाटणी, झिजलेला किंवा तुटलेला डाग (म्हणजे दागिना), तसेच सोन्याचा चढा भाव ही मोडीची नेहमीची कारणे होत.

मोडीला आलेल्या डागाचे आधी वजन होते आणि मग कस, म्हणजे सोन्याची शुद्धता, पाहिला जातो. पूर्वी हे काम कसोटीच्या दगडावर चाले. आता मोठ्या पेढ्या क्ष-किरणांवर चालणारे कॅरेट मोजण्याचे यंत्र वापरतात. मात्र ही किरणे पृष्ठभागाचाच थोडा थर वाचतात. त्यामुळे आतला डाख (जोडकामाचा धातू) किंवा पोकळ मण्यातली लाख त्यांना कळत नाही, आणि खरा हिशेब आटणीनंतरच लागतो. आटणीसाठी सोने मुशीत घालून टाकणखारासह वितळवतात. सोन्याचा वितळबिंदू 1064 अंश सेल्सिअस आहे. लाख आधीच तापवून काढावी लागते. बोरमाळ आणि मोहनमाळ यांचे मणी लाखेवर घडवलेले असतील, तर वजनातली घट डोळ्यांत भरते आणि ग्राहकाचा सराफावरचा विश्वास इथेच डळमळतो. म्हणून आटणी समोर करून घेणे आणि आटणीपूर्वीचे व नंतरचे अशी दोन्ही वजने पावतीवर लिहून घेणे, हा या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा भाग मानला पाहिजे.

समजा, 40 ग्रॅमची माळ मोडीला दिली आणि लाख जाऊन 38 ग्रॅम सोने उरले. त्याचा कस 88 टक्के निघाला, तर चोख सोने 33.44 ग्रॅम भरते. नवा डाग 22 कॅरेटचा, म्हणजे 91.6 टक्के शुद्धतेचा हवा असेल, तर आटणीतली व घडणीतली तूट न धरता या सोन्यातून सुमारे 36.5 ग्रॅमचा दागिना होतो. घडणावळ वेगळी द्यावी लागते आणि जुन्या डागाची घडणावळ परत मिळत नाही. जुन्या सोन्याचा कस कमी निघाला म्हणजे फसवणूकच झाली, असे नाही. डाखात हलका धातू असतो; शिवाय 1963 च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी 14 कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास मनाई केली होती, त्यामुळे त्या सुमारास रीतसर घडलेला डाग मुळातच 14 कॅरेटचा असू शकतो. सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला.

आटणीत सोने टिकते, घडण मात्र कायमची जाते. हाताने ठोकलेल्या पाटल्या किंवा बारीक मण्यांची ठुशी आज त्याच हातोटीने करून देणारा कारागीर सहजी सापडत नाही, आणि वजनापुरता हिशेब करणाऱ्या पावतीवर या कामाचे मोल दिसत नाही. म्हणून डाग न मोडता त्याचे रूप बदलण्याची वाट आधी तपासणे श्रेयस्कर. पुतळ्यांच्या माळेत प्रत्येक पुतळीला स्वतःची कडी असते. त्यामुळे ती माळ दोन मुलींत वाटून मधे मणी घालून पुन्हा ओवता येते, आणि यात काहीच वितळवावे लागत नाही. टोचलेल्या नाकासाठीच्या नथीला चाप बसवतात, बुगडीची कानातली करतात, चिंचपेटीच्या पेट्या सुट्या करून हातात घालायची पट्टी करतात. तन्मणी आणि मोत्यांचे सर पटवेकऱ्याकडून नव्या रेशमात गाठवून घेतात. जुने मोती अम्लाने आणि उष्णतेने खराब होतात, म्हणून डाख देण्यापूर्वी ते उतरवून ठेवणे आवश्यक असते.

सराफाला सोन्याचे दागिने हॉलमार्कसह, म्हणजे शुद्धतेच्या अधिकृत शिक्क्यासह, विकण्याची सक्ती जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि 1 एप्रिल 2023 पासून त्यावर एचयूआयडी ही प्रत्येक डागाची वेगळी अशी सहा अक्षरांकांची खूण बंधनकारक आहे. हॉलमार्क नसलेला जुना डाग घरात ठेवण्यास किंवा सराफाकडे मोडीला देण्यास या नियमाची आडकाठी नाही. पेढीने सांगितलेल्या कसाबद्दल शंका असल्यास ग्राहकाला भारतीय मानक ब्यूरोच्या मान्यताप्राप्त परीक्षण केंद्रात शुल्क भरून डाग तपासून घेता येतो.