हाताच्या पंख्याची भट्टी पुन्हा पेटवताना

जुनी लोहारभट्टी हाती आली की बहुतेक जण तारेचा ब्रश घेऊन गंजाच्या मागे लागतात. मी म्हणेन, आधी पंख्याचं हँडल फिरवून पाहा. भट्टीचा जीव हवेत असतो. कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर जळून त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि दर मोलमागे, म्हणजे १२ ग्रॅम कार्बनमागे, ३९४ किलोजूल उष्णता सुटते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइडवरच काम अडतं आणि जेमतेम ११० किलोजूल पदरात पडतात.

हँडलच्या एका फेऱ्यात पंख्याची पाती चाळीसेक फेरे घेतील, अशी दातेरी चाकांची रचना अनेक जुन्या पंख्यांत असते. हवेचा दाब पात्यांच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे यंत्र जड फिरून वेग निम्मा झाला की दाब थेट पाव होतो, आणि कोळशाच्या ढिगातून वाट काढायला तो पुरत नाही. पंखा जाम होण्यामागे बऱ्याचदा गंज नसतो, जुनं तेल असतं. वर्षानुवर्षं हवा लागून त्याचं चिकट वार्निश बनलेलं असतं. अशा वेळी हँडलवर जोर दिला तर दाते तुटतात, आणि तशी चाकं पुन्हा मिळणं अवघड. दातेरी चाकांच्या पेटीत केरोसीन भरून ठेवावं, रोज हँडल किंचित मागे-पुढे हलवून पाहावं. मोकळं झाल्यावर ग्रीस भरायचा मोह होतो, तो टाळा. फिरणारे दाते ग्रीस बाजूला सारतात, ते परत जागेवर येत नाही आणि दाते कोरडेच घासत राहतात. पातळ तेलच हवं. अनेक जुन्या पेट्यांना तेल अडवणारं सीलच नसतं, तेव्हा थोडं ठिबकणारच. ठिबकतंय म्हणजे आत तेल आहे.

ज्यात विस्तव पेटतो तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा मात्र जास्त परीक्षा पाहतो. बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो. करड्या बिडात त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो आणि पापुद्र्याचं प्रत्येक टोक ही तडा सुरू व्हायची आयती जागा. विस्तवाखालचा मध्यभाग प्रसरण पावतो, कड थंडच राहते आणि ताणली जाते. बीड दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून तडा कडेकडून आत धावतो. घाईने साधी वेल्डिंग केली तर जोडाशेजारचं बीड झटकन थंड होऊन ठिसूळ बनतं, आणि नवा तडा नेमका तिथे पडतो. मला पटलेला उपाय साधा आहे: तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे ताण एका बिंदूत एकवटत नाही, आणि तड्यावर पोलादी पट्टी नट-बोल्टने बसवायची. पट्टीची भोकं जरा सैल ठेवा, तव्याला फुगायला जागा हवी. मग आतून चिकणमातीचा थर द्या. तो सावकाश वाळू द्या, ओल राहिली तर वाफेने टवके उडतात.

पंख्याची हवा विस्तवापर्यंत नेणारी नळी बदलायची झाल्यास जस्त चढवलेला पाइप विस्तवाजवळ नको. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि त्याच्या धुराने ताप भरतो.

काम थांबवताना तव्याखालचं राख काढायचं झाकण उघडं ठेवा, म्हणजे वायू तिथून बाहेर पडेल. पंखा थांबला की कोळशातून सुटणारा ज्वलनशील वायू नळीतून मागे पंख्यात शिरू शकतो, आणि पुन्हा हँडल फिरवताच नळीतच पेट घेऊन त्याचा स्फोट होऊ शकतो.