उष्मांकगणना

उष्मांकगणना : खाण्याचा प्रत्येक पदार्थ तोलून त्यापासून शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेचा अंदाज बांधणे आणि दिवसभराची बेरीज ठरवलेल्या मर्यादेत ठेवून वजन उतरवणे, अशी ही पद्धत आहे. तिच्यात दोन काटे लागतात. एकावर अन्न तोलले जाते आणि दुसऱ्यावर माणूस. पहिल्या काट्याचा आकडा ग्रॅमपर्यंत नेमका असला, तरी त्या ग्रॅमचे उष्मांकात रूपांतर करताना सरासरींचाच आधार घ्यावा लागतो. त्यामुळे मांडलेला हिशेब खरा होता की नाही, हे अखेर दुसऱ्या काट्यावर, आणि तेही काही आठवड्यांनी, समजते.

एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. आहाराच्या संदर्भात ‘कॅलरी’ किंवा ‘उष्मांक’ हा शब्द येतो तेव्हा ही किलोकॅलरीच अभिप्रेत असते. भौतिकशास्त्रातील कॅलरी तिच्या एक हजारांश असते. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. काही देशांत वेष्टनावर दोन्ही एकके छापलेली असतात आणि किलोज्यूलचा चौपट मोठा आकडा उष्मांक समजून वाचणारा नवखा माणूस उगाच दचकतो.

खाणे आणि वजन यांचा ताळेबंद मांडण्याची कल्पना उष्मांकापेक्षा जुनी आहे. इटलीतील वैद्य सांतोरियो सांतोरियो (१५६१–१६३६) याने तराजूला टांगलेल्या आसनावर बसून सुमारे तीस वर्षे स्वतःचे, स्वतःच्या अन्नपाण्याचे आणि मलमूत्राचे वजन केले. आत जाणारे आणि बाहेर पडणारे यांत मोठी तफावत असल्याचे त्याला आढळले. ही तफावत त्वचेतून आणि श्वासावाटे नकळत निघून जाते, असा निष्कर्ष त्याने १६१४ मध्ये प्रसिद्ध केला. मात्र त्याच्या हिशेबात केवळ वजन होते. ऊर्जेची कल्पना तेव्हा नव्हती. ती वाट लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवली. १७८२–८३ च्या हिवाळ्यात त्यांनी गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले, वितळलेल्या बर्फावरून त्याची उष्णता मोजली आणि श्वसन हे एक प्रकारचे संथ ज्वलन असल्याचे दाखवले. पुढे पॅरिसमध्ये निकोला क्लेमां याने १८१९ ते १८२४ या काळातील आपल्या व्याख्यानांत ‘कॅलरी’ हा शब्द उष्णतेचे एकक म्हणून वापरला, तोही वाफेच्या यंत्रांच्या संदर्भात. जेवणाच्या ताटापर्यंत पोचायला त्या शब्दाला आणखी अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

आज वापरात असलेले आकडे मुख्यतः विल्बर ऑलिन ॲटवॉटर (१८४४–१९०७) या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या कामावर उभे आहेत. जर्मनीत माक्स रुबनर याने प्रथिने, मेद आणि कर्बोदके ऊर्जेच्या बाबतीत एकमेकांची जागा घेऊ शकतात, हे दाखवले होते. ॲटवॉटरने कनेक्टिकट राज्यातील वेस्लियन विद्यापीठात माणूस अनेक दिवस राहू शकेल अशी बंदिस्त खोली उभारली आणि आत राहणाऱ्याचे अन्न, मलमूत्र, श्वसनाचे वायू आणि अंगातून निघणारी उष्णता यांचा मेळ घातला. त्यातून प्रथिनांना आणि कर्बोदकांना दर ग्रॅमला ४, मेदाला ९ आणि मद्यार्काला ७ उष्मांक हे गुणक रूढ झाले. पदार्थ जाळल्यावर निघते तितकी सगळी ऊर्जा हे गुणक धरत नाहीत. उष्मामापकात एक ग्रॅम प्रथिन जळताना सुमारे ५.६५ किलोकॅलरी देते; पण शरीर प्रथिनातील नायट्रोजन यूरियाच्या रूपाने लघवीवाटे टाकते आणि काही भाग पचतही नाही, म्हणून ते नुकसान वजा जाऊन ४ उरतात. हे नुकसान मिश्र आहाराच्या सरासरीवरून काढलेले आहे आणि पुढच्या बऱ्याच चुकांचे मूळ या सरासरीतच आहे.

गंमत अशी की या संशोधनाचा रोख वजन उतरवण्यावर नव्हताच. कमी पैशांत कामगाराचे पोट कसे भरावे, हा ॲटवॉटरचा प्रश्न होता. कॅलरीची कोष्टके वजन कमी करू पाहणाऱ्यांच्या हाती दिली ती कॅलिफोर्नियातील डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी. त्यांनी स्वतःचे वजन बरेच उतरवले होते आणि १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात वाचकांना सांगितले होते की ‘पावाचा तुकडा’ असे न म्हणता ‘१०० कॅलरींचा पाव’ असे म्हणायला शिका. अन्नाकडे आकड्याच्या रूपात पाहण्याची आज सर्वत्र दिसणारी सवय या सल्ल्यापासून फार दूर नाही.

प्रत्यक्ष व्यवहारात एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, अन्नघटकांचे कोष्टक किंवा मोबाइलमधील ॲप आणि रोजची नोंद एवढे साहित्य पुरते. रिकामे भांडे ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि मग त्यात एकेक जिन्नस घालत तोलायचे. जुन्या तराजूवर भांड्याचा धडा करत, तेच हे काम. काट्याची खरी गरज भासते ती ऊर्जेने दाट असलेल्या पदार्थांना. एक मोठा चमचा तेल सुमारे १४ ग्रॅम भरते आणि त्यात जवळपास १२० उष्मांक असतात. बाटलीतून ओतताना एका चमच्याचे दोन कधी झाले, हे डोळ्यांना कळत नाही. सुकामेवा, लोणी, चीज आणि साखर यांचेही तसेच. याउलट १०० ग्रॅम काकडीत फार तर पंधराएक उष्मांक असतात, त्यामुळे तिच्या चकत्या तोलत बसायचे आणि फोडणीचे तेल नोंदवायचेच नाही, म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा असा प्रकार होतो.

नवख्यांची सर्वांत मोठी फसगत कच्च्या आणि शिजवलेल्या वजनांच्या गोंधळाने होते. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ३६० उष्मांक असतात, तर १०० ग्रॅम भातात सुमारे १३०, कारण उरलेले वजन शिजताना शोषलेल्या पाण्याचे असते. मांस शिजताना पाणी गमावते, त्यामुळे तिथे हिशेब उलटा होतो. कोष्टकातील आकडा कच्च्याचा आहे की शिजवलेल्याचा, हे न पाहता नोंद केली, तर भाताच्या बाबतीत जवळजवळ तिपटीचा फरक पडू शकतो. अनेक जिन्नस घालून केलेल्या पदार्थासाठी सगळे जिन्नस कच्चे तोलून उष्मांकांची बेरीज करावी, पदार्थ तयार झाल्यावर त्याचे एकूण वजन घ्यावे आणि ताटात वाढून घेतलेल्या वजनाच्या प्रमाणात भाग काढावा. बेरीज १,८०० उष्मांक आणि तयार पदार्थ १,२०० ग्रॅम असेल, तर २४० ग्रॅम वाढून घेणाऱ्याच्या वाट्याला ३६० उष्मांक येतात. यासाठी रिकाम्या भांड्याचे वजन आधीच टिपून ठेवलेले बरे.

मर्यादा किती ठेवायची, हे ठरवण्यासाठी आधी खर्च काढावा लागतो. विश्रांतीच्या अवस्थेतील खर्चासाठी १९९० मध्ये मांडलेले मिफ्लिन–सेंट जिओर सूत्र आज बरेच वापरले जाते : किलोग्रॅममधील वजनाची दहापट, अधिक सेंटिमीटरमधील उंचीची ६.२५ पट, वजा वयाची पाचपट. या उत्तरात पुरुषांसाठी ५ मिळवायचे, स्त्रियांसाठी १६१ वजा करायचे. ७५ किलो वजनाच्या, १६२ सेंटिमीटर उंचीच्या, ३५ वर्षांच्या स्त्रीसाठी हे उत्तर सुमारे १,४२७ येते. हालचाल बेताची असेल तर त्याला १.४ ने गुणून दिवसाचा खर्च सुमारे २,००० उष्मांक धरला जातो आणि त्यातून ५०० वजा करून १,५०० ची मर्यादा ठरते. या गणितातला सर्वांत कच्चा दुवा म्हणजे हालचालीचा गुणक, कारण तो माणूस स्वतःच निवडतो आणि स्वतःच्या मेहनतीला बहुधा झुकते माप देतो.

दररोज ५०० उष्मांकांची तूट म्हणजे आठवड्याला सुमारे अर्धा किलो घट, हा ठोकताळा सर्वत्र ऐकू येतो. त्याचा उगम मॅक्स विश्नॉफ्स्की यांच्या १९५८ मधील लेखात आहे. एक पौंड वजन म्हणजे ३,५०० उष्मांक (एक किलो म्हणजे सुमारे ७,७००) असे त्यांनी मांडले. पहिल्या काही आठवड्यांपुरता हा ठोकताळा कामाचा आहे. पण तो सरळ रेषेत पुढे ओढला, तर ५०० च्या तुटीने एका वर्षात २४ किलोंच्या आसपास वजन उतरायला हवे आणि पुरेशी वर्षे गेल्यावर माणूस नाहीसाच व्हायला हवा. तसे होत नाही, कारण हलके झालेले शरीर कमी ऊर्जा खर्च करते आणि तूट आपोआप आटत जाते. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार, सरासरी जादा वजनाच्या प्रौढाने रोजचा आहार कायमस्वरूपी सुमारे २४ उष्मांकांनी कमी केला, तर वजन अखेरीस एक किलोने घटते. त्यातील निम्मी घट साधारण एका वर्षात आणि ९५ टक्के घट तीन वर्षांत होते. म्हणजे ५०० च्या कपातीने पहिल्या वर्षी ठोकताळ्याच्या निम्म्याहून कमीच वजन उतरते. आपले काहीतरी चुकते आहे, असे मानून नोंदवही फेकून देणाऱ्या अनेकांचे प्रत्यक्षात काहीच चुकलेले नसते.

अर्थात चुका होतातच, आणि त्या बहुतेक एकाच दिशेने होतात. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या व्यक्तींचा प्रत्यक्ष खर्च हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जड समस्थानिके (त्याच मूलद्रव्यांचे अधिक वजनाचे अणू) असलेल्या पाण्याच्या साहाय्याने मोजण्यात आला. त्यांचा चयापचय मंद नव्हता. त्यांनी आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त नोंदवली होती. याला खोटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलाच्या ताटातला उरलेला घास, चहातली साखर या गोष्टी माणसाच्या लेखी जेवणात मोडतच नाहीत.

वेष्टनावरचा आकडाही तंतोतंत नसतो. अमेरिकेतील नियमांनुसार प्रत्यक्ष उष्मांक छापलेल्या आकड्याच्या २० टक्क्यांपर्यंत जास्त असले तरी चालतात. शिवाय अन्नाची घडण ॲटवॉटरच्या सरासरीला जुमानत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात अख्ख्या बदामांतून शरीराला मिळणारी ऊर्जा गुणकांनी काढलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी, २८ ग्रॅममागे सुमारे १७० ऐवजी १२९ उष्मांक, आढळली. बदामाच्या पेशींच्या भिंतींत अडकलेले तेल न पचताच बाहेर पडते. पचनाला लागणारी ऊर्जाही सारखी नसते : प्रथिनांतील २० ते ३० टक्के ऊर्जा त्यांच्याच पचनात आणि पुढील प्रक्रियांत खर्च होते, कर्बोदकांतील ५ ते १० टक्के आणि मेदातील त्याहूनही कमी.

इतक्या चुका असूनही पद्धत उपयोगी पडते, याचे कारण ती स्वतःची दुरुस्ती करू शकते. कोणी रोज सातत्याने २०० उष्मांक कमी नोंदवत असेल, तर वजन अपेक्षेइतके उतरत नाही आणि मर्यादा तेवढी खाली आणली की हिशेब जुळतो. खरा आकडा शेवटपर्यंत कळला नाही, तरी अडत नाही. यासाठी चूक नियमित हवी आणि वजनाचे वाचन शहाणपणाने व्हायला हवे. मीठ, मासिक पाळी, आतड्यातील अन्न यांमुळे वजन एका दिवसात एक-दोन किलोंनीही हलते. ग्लायकोजेन म्हणजे शरीराने साठवलेले कर्बोदक; साठवणीतील त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते, म्हणून पहिल्या आठवड्यात दिसणारी मोठी घट बव्हंशी पाण्याची असते. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून आठवड्याची सरासरी पाहावी, आणि तीन-चार आठवड्यांच्या सरासरी हाती आल्याशिवाय मर्यादा बदलू नये, हे उत्तम.

कसोटी लागते ती सातत्याची. दोन वर्षे चाललेल्या ‘कॅलरी’ (CALERIE) असेच उच्चारल्या जाणाऱ्या नावाच्या अमेरिकी चाचणीत, लठ्ठ नसलेल्या आणि भरपूर मार्गदर्शन मिळणाऱ्या सहभागींना २५ टक्के कपातीचे उद्दिष्ट दिले होते. प्रत्यक्षात सरासरी सुमारे १२ टक्के कपात साधली. अन्नाचे स्वरूपही मोजणाऱ्याच्या विरोधात किंवा बाजूने काम करते. २०१९ मधील एका प्रयोगात वीस प्रौढांना दोन-दोन आठवडे अतिप्रक्रियित (कारखान्यात बऱ्याच प्रक्रिया करून बनवलेला) आणि कमी प्रक्रियेचा आहार हवा तितका खाऊ दिला, तेव्हा अतिप्रक्रियित आहारावर त्यांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले. काटा भूक मोजत नाही आणि ती शमवतही नाही.

ही पद्धत सर्वांसाठी नाही. खाण्याचे विकार असलेल्यांना किंवा पूर्वी होऊन गेलेल्यांना ती घातक ठरू शकते, कारण आकड्याची भीती आणि खाण्याचा ध्यास तिच्यामुळे पोसला जातो. वाढत्या वयाची मुले, गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, तसेच इन्शुलिन घेणारे रुग्ण यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ती अवलंबू नये. दिवसाला ८०० उष्मांकांहून कमी आहार तर कोणीच देखरेखीशिवाय घेऊ नये. कपातीचा मनावर काय परिणाम होतो, याचे ठसठशीत चित्र अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांच्या १९४४–४५ मधील मिनेसोटा प्रयोगात दिसते. ३६ निरोगी तरुणांना सहा महिने सुमारे १,५७० उष्मांकांवर ठेवले होते. ते सडपातळ होते आणि त्यांना भरपूर चालावेही लागे, त्यामुळे उपासमार तीव्र होती. त्यांच्यापैकी कित्येकांच्या डोक्यात दिवसभर अन्नाचाच विचार घोळू लागला आणि ज्यांनी पूर्वी कधी चूल पाहिली नव्हती, ते पाककृतींची पुस्तके चाळत बसू लागले.

वजन उतरल्यावर हिशेब पुन्हा मांडावा लागतो. वर उल्लेखिलेली स्त्री ६५ किलोंवर आली की त्याच सूत्राने तिचा दिवसाचा खर्च सुमारे १,८६० येतो, म्हणजे पूर्वीपेक्षा मोठ्या चमचाभर तेलाइतका कमी. खर्चातली ही घट तशी किरकोळ आहे. २०१६ मधील एका विश्लेषणानुसार घटलेल्या प्रत्येक किलोमागे भूक मात्र रोज सुमारे १०० उष्मांकांनी वाढते, आणि तोलणे थांबवल्यावर उतरलेले वजन हळूहळू परत येण्यामागे या वाढलेल्या भुकेचा वाटा मोठा असतो. म्हणून अनेक जण वजन स्थिरावल्यावर रोजची नोंद सोडतात, पण तेल, सुकामेवा आणि धान्य मधूनमधून काट्यावर घालून आपल्या नजरेचा अंदाज सुटला तर नाही ना, हे पडताळत राहतात.