चौरस मीटर गुणिले 3.28? हिशेब इथेच चुकतो

“परदेशातलं घर चौरस मीटरमध्ये असेल तर 3.28 ने गुणा, चौरस फूट निघतात,” असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

लांबीसाठी हे बरोबर आहे, क्षेत्रफळासाठी नाही. लांबी 3.28 पट होते, तशी रुंदीही. म्हणून गुणायचं 10.764 ने. पटत नसेल तर खडूनं मीटरभर बाजूचा चौकोन आखा. फूट बाय फुटाच्या नऊ फरश्या बसतात, वर दोन बाजूंना तीन-साडेतीन इंची पट्टी उरते. म्हणजे जर्मनीतला 80 चौरस मीटरचा फ्लॅट 262 नव्हे, 861 चौरस फुटांचा.

प्लॉटसाठी आपला सातबाराच पुरे. त्यावरचा एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठ्याहून (1089 चौरस फूट) किंचित कमी. 600 चौरस मीटर म्हणजे सहा गुंठ्यांना थोडे कमी. लातूर-बीडकडच्या शेतकऱ्याला हे तोंडी जमेल.

गुणाकार जमला तरी मोजलंय काय, ते विचारा. जर्मनीत राहत्या क्षेत्रात बाल्कनी सहसा पावच धरतात, तळघर धरत नाहीत. उतरत्या छताखाली 1 ते 2 मीटर उंचीची जागा निम्मी, त्याखालची शून्य. खोलीनिहाय मापांचा नकाशा मागवून बेरीज स्वतः करा.