नावावरचा पैसा, हातातला पैसा: शहरी स्त्रियांच्या अर्थसाक्षरतेची पार्श्वभूमी

ठेवीच्या अर्जावर पेन्सिलने फुली केलेली असते आणि तिथे घरातली बाई सही करते. ठेव तिच्या नावावर असली तरी रक्कम, मुदत आणि बँक दुसऱ्याच कुणी ठरवलेली असते. शहरांतल्या पदवीधर घरांतही हे चालते, कारण पैशाची समज शाळेपेक्षा मालकीतून आणि रोजच्या व्यवहारातून येते. भारतात मालकी स्त्रियांकडे फार उशिरा आली.

स्त्रीधनाला परंपरेची मान्यता होती, पण बहुतेक घरांत ते दागिन्यांपुरतेच उरले. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा कायदा हिंदू-मुस्लिम स्त्रियांना मुळात लागूच नव्हता. १९२३ च्या दुरुस्तीने त्यातले विम्याचे कलम ६ देशभर त्यांच्यापर्यंत पोहोचले. नवऱ्याने या कलमाखाली बायको-मुलांसाठी विमा घेतला, तर सहसा त्याचे धनको, म्हणजे त्याला कर्ज देणारे, त्या रकमेवर हक्क सांगू शकत नाहीत. मात्र हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो, जुन्या पॉलिसीला तो मागाहून जोडता येत नाही. कर्ज काढून धंदा करणाऱ्यांच्या घरांत हे कलम आजही माहीत नसते, याची खंत वाटते.

१९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला वाटा दिला, पण तो हयातीपुरता. पूर्ण मालकी १९५६ मध्ये आली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, तर देशभर तो २००५ मध्ये मिळाला. म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या बहुतेक स्त्रिया वाढल्या, तेव्हा घराच्या वाटणीत त्यांना धरलेच जात नव्हते.

कायद्याच्या बाहेर मात्र हात आधीच चालू लागले होते. १९७२ मध्ये पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीसाठी महिला अल्पबचत एजंटांची योजना आली. एजंटबाई दारात येऊन हप्ता घेते आणि कार्डावर नोंद करून सही देते. पैसे देऊन कार्ड ‘नंतर लिहू’ म्हणून सोडले किंवा पासबुक वर्षभर एजंटकडेच राहू दिले, की घोटाळ्याला वाट मिळते. दर महिन्याला नोंद तपासणे हा कित्येकींचा हिशेबाचा पहिला धडा ठरला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या, सावकाराच्या व्याजात अडकलेल्या खानावळवाल्या बायांना त्यातून बँकेच्या कर्जाची दारे उघडली.

राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत २९ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया अर्थसाक्षर ठरल्या. पाहणीत ज्ञानाबरोबर वर्तन आणि दृष्टिकोनही मोजला होता. खाते वापरायलाच मिळत नसेल तर वर्तन कुठून येणार?

पेन्सिलच्या फुलीची जागा आता मोबाइल नंबरने घेतली आहे. खाते बायकोचे, पण जोडलेला नंबर नवऱ्याचा, म्हणून ओटीपी त्याच्याकडे जातो. संयुक्त खात्यात ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकते. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर पहिले नाव असलेली व्यक्ती हयात असेपर्यंत दुसरीला व्यवहार करता येत नाही. नॉमिनीबद्दलचा गैरसमज तर सर्रास आढळतो. खातेदाराच्या मृत्यूनंतर बँक नॉमिनीच्या हाती रक्कम देते, पण तेवढ्याने ती रक्कम नॉमिनीच्या मालकीची होत नाही. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते, आणि नवऱ्याने मृत्युपत्र केलेले नसेल तर हिंदू वारसा कायद्यात मुलांसोबत सासूचाही वाटा असतो.