व्हॅक्यूम पंप मेकॅनिकच्या सामानात कसा आला

गोव्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ट्रॉलर मालीमच्या जेटीला लागतात आणि शीतगृहांच्या, बर्फाच्या कारखान्यांच्या मोठ्या दुरुस्त्यांना तेवढीच सवड मिळते. पंचाईत अशी की वर्षातली सगळ्यात ओली हवाही याच दोन महिन्यांत. तापमान 28 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असली तर एका घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम पाणी असते. दुरुस्तीसाठी थंड करणाऱ्या यंत्राचा पाइप उघडला की ही हवा आत शिरते. ती बाहेर कशी काढायची, या प्रश्नाचे उत्तर यंत्रात फिरून थंडावा देणारा गॅस बदलला तसे बदलत गेले.

बर्फाच्या कारखान्यातल्या अमोनियाला पाण्याचे फारसे वावडे नाही. पाणी त्यात विरघळते, गोठून वाट अडवत नाही. म्हणून तिथे चिंता हवेचीच, आणि ती अधूनमधून पर्ज करून, म्हणजे बाहेर सोडून, काढली जाते. घरगुती फ्रिजची गोष्ट वेगळी. सुरुवातीच्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असे. सल्फर डायऑक्साइडला पाणी मिळाले की आम्ल तयार होते आणि कॉम्प्रेसर आतून खाल्ला जातो, त्यामुळे यंत्र कारखान्यातच कोरडे करून सील करावे लागे. 1920 च्या दशकात अमेरिकेत मिथाइल क्लोराइडच्या गळतीने माणसे दगावली आणि बिनविषारी गॅसचा शोध सुरू झाला. 1930 साली थॉमस मिजली यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बैठकीत नवा गॅस छातीत भरून घेतला आणि तो सोडून मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटत नाही, हे दोन्ही एका फुंकरीत सिद्ध झाले. हा फ्रिऑन, म्हणजे आर-12.

गोवा मुक्त होण्याआधीच्या दशकात खनिजाचा पैसा वाढला, परदेशी माल खुला मिळू लागला आणि त्यात फ्रिजही आले. पुढची तीसेक वर्षे दुरुस्तीच्या धंद्यात राज्य आर-12 चेच. हा गॅस मेकॅनिकचे बरेच खपवून घेई. आत ओल राहिली तर ती केपिलरीच्या, म्हणजे गॅस ज्या बारीक नळीतून जातो तिच्या, तोंडाशी गोठायची आणि कूलिंग बंद पडायचे. त्यावर केपिलरी ब्लो-लॅम्पने शेकणे, नाहीतर सिस्टिममध्ये मिथेनॉलचे थेंब सोडणे असे तोडगे होते. मिथेनॉलने बर्फ सुटे, पण धातू गंजे. हवा काढायला पंप कशाला? थोडा गॅस आत सोडून दुसऱ्या टोकाने हवा हुसकून लावायची, नाहीतर फ्रिजच्या कॉम्प्रेसरलाच ओढायला लावायचे. कॉम्प्रेसरमधले मिनरल ऑइल पाणी फारसे धरत नाही, त्यामुळे अशी कामे निभावून जात. माझ्या मते या निभावण्यानेच एक पिढी बिघडली.

1974 मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी सीएफसी, म्हणजे आर-12 च्या कुळातले गॅस, ओझोनचा थर फोडतात हे मांडले. 1987 चा माँट्रियल करार झाला, भारत 1992 मध्ये त्यात आला आणि 2010 पर्यंत आर-12 इथून हद्दपार झाला. फ्रिजमध्ये आर-134ए आला, सोबत कॉम्प्रेसरसाठी पॉलिएस्टर तेल आले, आणि जुने तोडगे इथेच संपले. हे तेल हवेतली ओल शोषते, आणि ओल मिळाली की विघटन होऊन आम्ल बनते. तेलात मुरलेले पाणी नुसत्या पंपाने सहज सुटत नाही. म्हणून तेलाचा डबा उघडला की लगेच वापरायचा, कॉम्प्रेसरचे प्लग शेवटच्या क्षणी काढायचे.

म्हणून व्हॅक्यूम पंप आला. हा पंप नेमके काय करतो? पाणी उकळायला उष्णताच लागते असे नाही, दाब पुरेसा कमी केला तरी चालते. 30 अंशांना दाब हवेच्या दाबाच्या चार टक्क्यांच्या आसपास उतरला की पाणी उकळते आणि वाफ होऊन ओढले जाते. नेहमीच्या गेजचा काटा तळाला टेकला तरी पुरेसे नसते. मायक्रॉन या दाबाच्या बारीक एककात हवेचा दाब 7,60,000, आणि मेकॅनिकला 500 च्या खाली जायचे असते. तो फरक काट्याला दिसत नाही, मायक्रॉन गेजच लागतो.

मग वाल्व्ह बंद करून थांबायचे, आणि मला सगळ्यात आवडते ती हीच पायरी. गेजवरचा आकडा थोडा वर चढून स्थिरावला तर आत अजून ओल आहे. चढतच राहिला तर कुठेतरी लीक आहे, आणि गॅस भरणे म्हणजे पैसे उडवणे. पावसाळ्यात पंपाचे तेल लवकर दुधाळ होते. ते बदलल्याशिवाय पंप खोलवर ओढत नाही, हे कित्येक जण विसरतात. नायट्रोजन भरून पुन्हा व्हॅक्यूम मारण्याची पद्धतही ओलीसाठीच.

आता फ्रिजमध्ये आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन. घरगुती फ्रिजमध्ये तो 150 ग्रॅमच्या आतच भरतात, बऱ्याचदा याच्या निम्माही नाही. त्यामुळे तो दाबावर नव्हे, वजनकाट्यावर भरावा लागतो. शिवाय चालू फ्रिजमध्ये याचा सक्शन दाब, म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढतो त्या बाजूचा दाब, हवेपेक्षा कमी असतो. त्या बाजूला बारीक छिद्र पडले तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. पेटणारा गॅस असल्याने तो बाहेर सोडून, नायट्रोजन फिरवून मगच पाइप कापायचा. जवळ ठिणगी नको.

एसीतला जुना गॅस आर-22 मागे पडतोय. 2024 अखेरनंतर नव्या यंत्रांत तो भरता येत नाही, पण बार-हॉटेलांतली जुनी यंत्रे अजून चालू आहेत. त्यामुळे किनारपट्टीवरच्या मेकॅनिकच्या गाडीत आज आर-22, आर-410ए, आर-32 असे सिलिंडर शेजारी शेजारी दिसतात. आर-410ए हे मिश्रण असल्याने द्रवरूपातच भरावे लागते. होज आणि पंपही तेलानुसार वेगळे ठेवलेले बरे, नाहीतर मिनरल ऑइलचा अंश पॉलिएस्टर तेलाच्या सिस्टिममध्ये जातो.