सांगली ते पुणे, ४० मिलिलिटर हेलियमच्या भरवशावर

हृदयविकाराचा मोठा झटका आलेल्या रुग्णाला सांगली-मिरजेहून पुण्याला हलवायचे ठरले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती वेळात पोचाल?" अंतर सुमारे २३० किलोमीटर. पेठ नाक्याला महामार्ग गाठायचा, मग कराड, सातारा, खंबाटकीचा बोगदा आणि शिरवळ मागे टाकायचे. रस्ता मोकळा मिळाला तर साडेचार तास, एरवी पाच. मी जवळून पाहिलेल्या एका प्रसंगी अतिदक्षता विभागातल्या खाटेवरून अँब्युलन्सची दारे बंद होईपर्यंतच सव्वा तास गेला, आणि खाली उभ्या असलेल्या मुलाचा धीर सुटत चालला होता. त्या सव्वा तासात वर काय चालले होते ते कळायचे, तर आधी वडिलांच्या शेजारी टकटक करणारे यंत्र समजून घ्यावे लागते.

ते यंत्र म्हणजे बलून पंप. जांघेतल्या धमनीतून एक बारीक नळी वर सरकवून तिच्या टोकाचा लांबट फुगा छातीतल्या महाधमनीत ठेवतात. प्रौढ व्यक्तीच्या फुग्यात बहुधा ४० मिलिलिटर वायू मावतो. हृदय रक्त बाहेर ढकलते तेव्हा फुगा रिकामा असतो. हृदय सैलावले आणि झडप मिटली की तो फुगतो आणि महाधमनीतले रक्त मागे, हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांकडे रेटतो. हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः या विसाव्याच्या क्षणीच मिळत असल्यामुळे ही वेळ साधण्याला सारे महत्त्व आहे. पुढच्या ठोक्याच्या तोंडावर फुगा झटकन रिकामा होतो, महाधमनीतला दाब उतरतो आणि थकलेल्या हृदयाला कमी जोर लावावा लागतो. नाडी मिनिटाला १०० असेल तर हे सगळे ०.६ सेकंदात उरकायचे असते, म्हणून फुग्यात हवा न भरता हेलियम भरतात. हवेच्या सुमारे एकसप्तमांश घनतेचा हा वायू लांब, अरुंद नळीतून सहज ये-जा करतो. अमेरिकी हृदयशल्यचिकित्सक एड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ मध्ये हे तंत्र प्रथम रुग्णावर वापरले.

या पंपाचा दबदबा आता पूर्वीइतका राहिलेला नाही, हेही सांगायला हवे. जर्मनीतल्या ६०० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले; झटक्यामुळे शॉकमध्ये (म्हणजे रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत) गेलेल्यांचे ३० दिवसांतले मृत्यू पंपामुळे कमी झाल्याचे तीत दिसले नाही. तरीही हृदयाच्या आतला पडदा फाटला किंवा झडपेला धरणारा स्नायू तुटला, तर रुग्णाला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत तगवून नेण्यासाठी तो आजही वापरला जातो. आणि लांबच्या शहरात न्यावे लागणारे रुग्ण बरेचदा नेमके असेच असतात.

आता तो सव्वा तास. त्यातला पहिला भाग कागदावरच्या गणिताचा होता. बी टाइप या छोट्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. व्हेंटिलेटरला मिनिटाला १० लिटर लागत असतील, तर तो १५० मिनिटांत संपेल, म्हणजे गाडी जेमतेम साताऱ्याच्या आसपास असताना. पाच तासांना ३,००० लिटर लागतात. गाडी बंद पडणे, अपघाताने रस्ता अडणे हे धरून दुप्पट साठा घ्यायचा हा साधा आणि शहाणपणाचा नियम, म्हणजे ६,००० लिटर. चार छोटे सिलिंडर किंवा ७,००० लिटरचा एक जंबो. बलून पंपाची बॅटरी नवी असताना साधारण दोन-तीन तास चालते, म्हणजे एका बॅटरीवर पुणे येत नाही. त्यामुळे गाडीच्या इन्व्हर्टरवर यंत्र चालते का, हे गाडी दारात उभी असतानाच पंप प्रत्यक्ष लावून पाहावे लागते. त्या दिवशी पहिल्या सॉकेटवर तो चालला नाही. दुसरा मिळेपर्यंत गेलेली २० मिनिटे मुलाला अक्षम्य वाटली. मला विचाराल तर संबंध प्रवासातली सर्वांत मोलाची २० मिनिटे तीच.

दुसरा भाग खाटेवरून ट्रॉलीवर घेण्याचा. नळी जखमेपाशी किती आत आहे याची खूण सिस्टरांनी आधी पाहून लिहून ठेवली, मग "एक, दोन, तीन" म्हणत सहा जणांनी चादरीसकट रुग्णाला उचलले. एक ब्रदर मात्र रुग्णाला हात न लावता केवळ नळ्या धरून उभा होता. वरवर रिकामा दिसणारा हा माणूस त्या खोलीत सर्वांत कामाचा होता, कारण फुगा दोन-तीन सेंटिमीटर जरी सरकला तरी अनर्थ होऊ शकतो. तो वर सरकला तर डाव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीचे तोंड अडते, खाली उतरला तर मूत्रपिंडांच्या धमन्यांचे. म्हणूनच हलवल्यानंतर प्रथम डाव्या मनगटाची नाडी पाहतात आणि लघवीच्या पिशवीतला आकडा टिपून ठेवतात. ज्या पायातून नळी घातली तो सरळ ठेवायचा, गुडघ्यात वाकू द्यायचा नाही, आणि पाऊल गार पडत नाही ना हे हाताने पाहत राहायचे. हेलियमच्या पारदर्शक नळीत गंजासारखी तपकिरी पूड दिसली, तर फुगा फाटून रक्त आत शिरले असे समजून पंप तत्काळ थांबवतात.

रस्त्यावर खरा शत्रू खड्डा नसून अचानक मारलेला ब्रेक असतो. रुग्णाचे डोके चालकाच्या बाजूला असल्याने ब्रेक दाबताच शरीरातले रक्त डोक्याकडे लोटले जाते आणि गाडी जोरात सुटली की पायांकडे. तुमचे-माझे हृदय आणि रक्तवाहिन्या हा फरक क्षणात सावरतात. दुबळ्या हृदयाला ते जमत नाही आणि मॉनिटरवर रक्तदाब घसरतो. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर पुण्याच्या बाजूला जे नागमोडी वळण आहे, तिथे हेच आडव्या दिशेने घडते, आणि पट्ट्याने न बांधलेले जड यंत्र थेट रुग्णाच्या अंगावर येऊ शकते. हादऱ्यांनी छातीवरच्या ईसीजीच्या पट्ट्या हलल्या, तर पंपाला ठोका कुठे सुरू झाला ते नीट कळत नाही. तेव्हा त्याला धमनीतल्या दाबाच्या आलेखावर चालवतात. पंप बंद पडलाच, तर निपचित फुग्यावर अर्ध्या तासाच्या आत गुठळी धरण्याचा धोका असतो. त्यामुळे एक मोठी सिरिंज हाताशी ठेवलेली असते. नळीत रक्त नाही याची खात्री करून दर काही मिनिटांनी तिने फुगा भरायचा आणि लगेच रिकामा करायचा. तासाला १२० च्या वेगाने गाडी पळवून वाचणारी मिनिटे असल्या एका घोटाळ्यात केव्हाच खर्ची पडतात. तासवडे, आनेवाडी किंवा खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर आधी कळवून मार्गिका मोकळी करून घेतली, तर तेवढीच मिनिटे कुणाचाही रक्तदाब न पाडता मिळतात.

याहून मोठा आधार म्हणजे एक्मो, आणि तिथे चुकीला जागाच उरत नाही. शिरेतून रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून ते मिनिटाला तीन ते पाच लिटर वेगाने धमनीत परत सोडणारे हे यंत्र आहे. प्रौढाच्या अंगात एकूण रक्तच सुमारे पाच लिटर असते. करंगळीएवढी नळी निसटली तर काय होईल याचा हिशेब वाचकाने स्वतःच करावा. म्हणून या प्रवासात यंत्र चालवणारा परफ्युजनिस्ट सोबत असतो, नळ्या आवळायचे चिमटे स्ट्रेचरलाच अडकवलेले असतात, आणि वीज गेली तर पंप हाताने फिरवायचा दांडा पेटीत न राहता समोर ठेवलेला असतो.

उंचीची भीती मात्र या रस्त्यापुरती मनातून काढून टाकावी. सांगली आणि पुणे दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहेत, मधले सातारा थोडे उंच. वायूच्या आकारमानात त्याने जाणवण्याजोगा फरक पडत नाही. विमानाची गोष्ट निराळी आहे. केबिनमधला दाब जमिनीवरच्या तीनचतुर्थांश झाला, तर ४० मिलिलिटर वायू ५३ मिलिलिटर होऊ पाहतो, आणि म्हणून चढताना-उतरताना फुगा नव्याने भरून घ्यावा लागतो. आधुनिक यंत्रे हे आपोआप करतात.

त्या दिवशी गाडी चार तास पन्नास मिनिटांनी पुण्यातल्या रुग्णालयात शिरली. वरच्या मजल्यावर पोचताच तिथल्या सिस्टरांनी आधी भिंतीवरचा सॉकेट गाठून पंपाचा प्लग खोचला, मग रुग्णाचे डावे मनगट हातात धरले आणि सांगलीहून आलेल्या कागदावरच, शेवटच्या नोंदीखाली, नाडी लागल्याची वेळ लिहिली.