पॉवर कॅलिब्रेशन एरर: भंगारातल्या लाल लेसर डायोडमागची गोष्ट

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, उरकली की गोव्यातल्या वाड्यावाड्यांवर दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराचे सांगाडे उभे राहू लागतात आणि दर वर्षी कुणीतरी माझ्याकडे तोच प्रश्न घेऊन येतं: जुन्या डीव्हीडी रायटरमधला लाल लेसर काढून राक्षसाच्या डोळ्यांत बसवला तर चालेल का? यंदा भाचा आला, पिशवीत सहा ड्राइव्ह घेऊन. फोंड्यातल्या एका भंगारवाल्याने किलोवर दिले होते. चालेल की नाही, याचं उत्तर त्या लेसरच्या डायोडच्या, म्हणजे वीज दिली की प्रकाश देणाऱ्या इवल्या चिपच्या, गतायुष्यात आहे. तो कशासाठी बनला, किती राबला आणि शेवटी भंगारात का गेला, हे कळल्याशिवाय मीटर लावण्यात अर्थ नाही.

अर्धवाहकातून (सेमीकंडक्टरमधून) लेसर निघतो हे १९६२ मध्ये सिद्ध झालं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट हॉल यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या इवल्याशा तुकड्यातून अवरक्त (इन्फ्रारेड) लेसर काढला. तुकड्याची दोन टोकं आरशासारखी लख्ख आणि एकमेकांना समांतर हवी होती. हॉल यांनी पोरवयात हौसेने दुर्बिणी बनवल्या होत्या, भिंगं घासण्याची ती सवय इथे कामी आली. म्हणजे या धंद्याच्या मुळाशीच एक हौशी माणूस आहे, आणि मला ही गोष्ट फार आवडते. त्याच वर्षी त्याच कंपनीतल्या निक होलोनियाक यांनी गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडमधून लाल प्रकाश काढला. पण हे सगळं द्रव नायट्रोजनच्या थंडीत, आणि तेही क्षणभराच्या झटक्यांत. खोलीच्या तापमानाला सलग चालणारा डायोड यायला १९७० उजाडलं. रशियात झोरेस अल्फेरोव्ह यांच्या गटाने आणि बेल लॅब्जमध्ये हायाशी आणि पॅनिश यांनी वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकावर एक चढवून वीज आणि प्रकाश दोन्ही एका पातळ पट्टीत कोंडले, तेव्हा कुठे ते जमलं.

१९८२ मध्ये सीडी प्लेअर बाजारात आला तो ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणारा डायोड घेऊन. लाल मागे पडला होता. त्याला ॲल्युमिनियम, गॅलियम, इंडियम आणि फॉस्फरस असं चौघांचं मिश्रण लागतं आणि ते नीट वाढवणं कटकटीचं. जपानी कंपन्यांनी १९८५ च्या सुमारास ते साधलं, आणि दशक संपता संपता ६७० नॅनोमीटरचे डायोड विकत मिळू लागले. तोवर लाल लेसर म्हणजे हेलियम-निऑनची नळी. आमच्या कॉलेजात ती लांबुडक्या पेटीत असायची, आणि सर सोडून कुणी हात लावायचा नाही.

मग १९९६ मध्ये जपानात डीव्हीडी आली, ६५० नॅनोमीटरवर. तरंगलांबी कमी तेवढा ठिपका बारीक, आणि ठिपका बारीक तेवढा मजकूर जास्त. वाचायला काही मिलिवॉट पुरतात, म्हणून नुसत्या प्लेअरमधला डायोड हौशी माणसाच्या फारसा कामाचा नाही. लिहायचं म्हटलं की गणित बदलतं. तबकडीवरचा रंगद्रव्याचा थर तापवून खूण उमटवायची असते. वेग वाढला की प्रत्येक खुणेला मिळणारा वेळ घटतो, म्हणून ताकद वाढवावी लागते. १६एक्स, २०एक्स, २२एक्स अशी कंपन्यांची चढाओढ लागली आणि डायोड दोनशे-तीनशे मिलिवॉटच्या घरात पोचले. ड्राइव्हच्या तोंडावर छापलेला तो आकडा ग्राहकासाठी वेगाचा होता. हौशी लोकांनी मात्र तो आतल्या डायोडच्या ताकदीचा अंदाज म्हणून वाचायला घेतला. २००५ नंतरच्या काही वर्षांत जगभर जुने ड्राइव्ह फोडण्याची लाट आली ती यामुळेच.

खरी मेख इथे आहे. हे डायोड सलग जळायला बनलेलेच नव्हते. लिहिताना ते नॅनोसेकंदांच्या झटक्यांत पेटत आणि विझत, कारखान्यातून छापून येणारी कमाल ताकदही अशा झटक्यांचीच. शिवाय ते ड्राइव्ह कंपनीच्या मागणीनुसार बनत. त्यांची माहितीपत्रकं दुकानात येत नसत, आणि अंगावर नंबर असला तर तोही कंपनीच्या आतला. त्यामुळे हौशी माणसाच्या हाती डायोड आला तो कुंडलीशिवाय. हळूहळू वाढवत न्यायचं आणि तो कुठे मोडतो ते बघायचं, एवढंच उरलं. चाचणीची रीत अशी अज्ञानातून आली.

पण त्या अज्ञानाचाही एक जुना वाडवडील आहे, आणि तो ड्राइव्हच्याच आत बसलेला असतो. कोरी तबकडी घातल्यावर लिहिण्याआधी ड्राइव्ह तिच्या आतल्या कडेच्या राखीव पट्टीवर वेगवेगळ्या ताकदीने नमुन्याच्या खुणा उमटवतो, त्या परत वाचतो आणि सर्वांत स्वच्छ खूण ज्या ताकदीला आली ती निवडतो. डायोड म्हातारा झाला की तेवढाच उजेड द्यायला त्याला जास्त करंट लागतो. सर्किट तो करंट मुकाट्याने वाढवत राहतं. एक दिवस वाढवायला जागाच उरत नाही आणि स्क्रीनवर ओळ येते: पॉवर कॅलिब्रेशन एरर. तबकडी हलक्या दर्जाची असली तरी हा संदेश येतो, म्हणून लोक आधी तबकडीवाल्याला शिव्या देत.

गोव्यात हा संदेश अनेकांनी पाहिला असणार. कळंगुट-हणजुणे पट्ट्यातल्या सायबर कॅफेत पर्यटक कॅमेऱ्याचं कार्ड द्यायचे आणि फोटो तबकडीवर भरून न्यायचे. लग्नाचं शूटिंग करणारे एकेका लग्नाच्या कितीतरी प्रती काढायचे. अशा ठिकाणचा रायटर म्हणजे जुंपलेला बैल. घरातल्या संगणकातला रायटर मात्र वर्षातून चार वेळा चालला असेल. त्याचा ट्रे अडकला किंवा पट्टा सैल झाला म्हणून तो फेकला गेला, आत डायोड जवळजवळ कोरा. दोन्ही ड्राइव्ह भंगारात एकाच ढिगाऱ्यात, एकाच भावाने. म्हणून भाच्याला मी पहिलं काम दिलं ते स्क्रूड्रायव्हरचं नव्हे. भंगारवाल्याला फोन कर आणि ड्राइव्ह कुठून आले ते विचार, म्हटलं. तीन एका फोटो स्टुडिओचे निघाले. ते बाजूला ठेवले.

ड्राइव्ह उघडल्यावर रुळांवर सरकणारा जो ठोकळा दिसतो, त्यात दोन लेसर असतात: लाल डीव्हीडीसाठी, अवरक्त सीडीसाठी. कधी वेगळ्या डब्यांत, कधी एकाच डबीत. समुद्राची हवा लागलेल्या ड्राइव्हमध्ये डायोडच्या पायांवर हिरवट गंज चढलेला असतो, तो आधी ब्रशने साफ करावा. डायोड बाहेर काढण्यापूर्वी पायांभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळून ते शॉर्ट करायचे, कारण अंगातल्या स्थिर विजेची ठिणगी आपल्याला जाणवतही नाही आणि याचा जीव घेते. पावसाळ्यात आपल्याकडची हवा ओली, धोका कमी, पण डिसेंबरच्या कोरड्या सकाळी जपलेलं बरं.

मग ओळख परेड. वीसेक मिलिअँप सोडले की लाल डायोड मंद, एलईडीसारखा उजळतो. काहीच दिसलं नाही तर तो मेलेला समजू नका, मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा. जांभळट ठिपका दिसला तर तो अवरक्त आहे आणि तो जास्त घातकी, कारण डोळा मिटण्याची सूचनाच त्याच्याकडून मिळत नाही. लालचंही फार वेगळं नाही. ६५० नॅनोमीटरला आपला डोळा हिरव्याच्या मानाने खूपच कमी प्रतिसाद देतो, म्हणजे दिसतो मंद, भाजतो तेवढंच. पाच मिलिवॉटच्या पुढे डोळ्यांवर त्याच तरंगलांबीचा चष्मा हवाच. हिरव्या लेसरचा चष्मा लाल अडवत नाही.

करंट वाढवायला बहुतेकांकडे एलएम३१७ असतो, १९७०च्या दशकापासून मिळणारी तीन पायांची स्वस्त चिप. तिचा हिशेब सोपा: १.२५ भागिले ओहम. पाच ओहम लावले तर २५० मिलिअँप, त्यावर जात नाही. लेसर डायोडच्या जागी आधी त्याची नक्कल म्हणून १एन४००१ चे चार साधे डायोड आणि एक ओहमचा रेझिस्टर लावून बघायचं. रेझिस्टरवर मीटरला जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँप.

ही पायरी मी एकदा गाळली, बारा-तेरा वर्षांपूर्वी. डायोड जोडलेला नसताना चालू ठेवलेल्या सर्किटचा, वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर पूर्ण व्होल्टेजला भरून बसला होता. मी डायोड टेकवला, एक लख्ख लाल चमक आली, आणि त्यानंतर तो डायोड आजतागायत साध्या एलईडीसारखाच जळतो. टोकाचा आरसा, ज्याला हॉल हाताने घासत बसले होते, तो क्षणात वितळतो. वायर ढिली असली किंवा व्हेरिएबल रेझिस्टरची पट्टी गंजलेली असली तरी हेच होतं: संपर्क तुटतो, कपॅसिटर भरतो, संपर्क परत जुळतो.

सावकाश वाढवत गेलं की भिंतीवरचा पुसट लाल पट्टा चाळीस ते सत्तर मिलिअँपच्या मध्ये कुठेतरी एकदम दाणेदार होतो, रव्यासारखा किरकिरतो. तो उंबरठा, इथे खरा लेसर सुरू होतो. तिथून पुढे एकेका मिलिअँपला साधारण एकेक मिलिवॉट. मोजायला स्वस्तातली सोय म्हणजे पेल्टियरची चकती: एका बाजूला काळा रंग, दुसऱ्या बाजूला जाड ॲल्युमिनियम, आणि उष्णतेने निर्माण होणारे मिलिव्होल्ट वाचायचे. आलेखाची रेघ सरळ चढते तोवर डायोड खूश. ती वाकायला लागली की तिथून बरंच खाली यायचं. हाव धरून पुढचे वीस मिलिवॉट मिळवणारे लोक पुढच्या आठवड्यात नवा ड्राइव्ह शोधत असतात.

लाल डायोड तापमानाला अवरक्तापेक्षा हळवा, म्हणून मे महिन्यातल्या दुपारचा उंबरठा आणि जानेवारीतल्या रात्रीचा उंबरठा यांची तुलना करू नये. मी आकड्याशेजारी महिना लिहितो.

आता मित्सुबिशीसारख्यांनी छोट्या प्रोजेक्टरसाठी काढलेले ६३८ नॅनोमीटरचे डायोड माहितीपत्रकासह, सलग चालण्याच्या हमीसह विकत मिळतात, आणि तेवढ्याच ताकदीला डोळ्याला जास्त उजळ दिसतात. लॅपटॉपमधून ड्राइव्हच गेला, त्यामुळे नवं भंगारही आटत चाललंय. तरी भाच्याच्या सहांपैकी चार डायोड जिवंत निघाले. घरगुती ड्राइव्हमधल्या तिघांचा उंबरठा पन्नासच्या आसपास. स्टुडिओवाल्यांपैकी दोन उजळलेच नाहीत, तिसऱ्याला ब्याऐंशी लागले. चौघांच्या पाकिटांवर आकडा आणि ‘ऑक्टोबर’ लिहून ती माझ्या डब्यात गेली.

नरकासुराच्या डोळ्यांत आम्ही लाल एलईडी बसवले. राक्षसाची नजर रात्रभर पहिल्या रांगेतल्या पोरांवर असते.